समोर तोंड केलेलं पाकीट

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. दुकानात बसलं की ते आपोआप साचतात, वजनकाट्याखाली साखर साचते तसे. रोज पुसावं, रोज थोडी असतेच.

मैत्रिणी फोनवर विचारतात, सासर कसं आहे. मी म्हणते, छान आहे. मग विचारतात, दिवसभर करतेस काय? मी म्हणते, सिगारेटी विकते. मग त्या खूप हसतात. मी काही विनोद केलेला नसतो.

माझं माहेर लिंबागणेशचं. माहेरी सुपारीचं खांडसुद्धा कुणी तोंडात टाकत नाही. सासर घाटनांदूरचं. स्टेशनच्या रस्त्याला आमचं किराणा दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. दुकान सासऱ्यांचं, मी त्यांना मामा म्हणते. दुपारी एक ते चार मामा आडवे होतात. सासूबाईंचे, म्हणजे आत्यांचे, गुडघे दुखतात. मग गल्ल्यावर मी. आमचे हे अंबाजोगाईला एका क्लासमध्ये शिकवतात. सकाळी गाडीवर जातात, संध्याकाळी येतात आणि पाणी पिण्याआधी मूठभर बडीशेप खातात. पोटाला चांगली असते, म्हणतात.

बोलायचं कमी आणि बघायचं जास्त, हा माझा स्वभाव. गल्ल्यावर बसणाऱ्याला तो फार उपयोगी पडतो. झोपेच्या बाबतीत मात्र तसं म्हणता येणार नाही.

*

पहिल्याच आठवड्यात माझ्या एक गोष्ट लक्षात आली. सिगारेटच्या पाकिटावर तो फोटो असतो ना, सडलेल्या गालाचा, तो सिगारेट ओढणाऱ्यासाठी असतो असा सरकारचा समज आहे. पण आमच्याकडे पाकीट घेतं कोण? सगळे एक, फार तर दोन घेतात. सुटी विकायची नाही असा नियम आहे म्हणे. मी पाकीट उघडते, पांढरी स्वच्छ कांडी काढून देते, गिऱ्हाईक दाराला टांगलेल्या लायटरवर ती पेटवतं आणि निघून जातं. त्याला फोटो दिसतच नाही. फोटो बघते मी. दुपारी एक ते चार, सलग!

आणि पाकिटाचं झाकण उघडलं की ते बरोबर त्या माणसाच्या कपाळावर उघडतं. डोक्याचा वरचा भाग मागं पडतो. आतून सिगारेट काढायची आणि डोकं परत लावायचं. दिवसातनं तीसेक वेळा.

आख्खं पाकीट घेणारे दोघंच. त्यातले एक रज्जाकभाई. त्यांची घाटनांदूर-अंबाजोगाई जीप आहे, आणि मामांशी तीस वर्षांची दोस्ती. पाकीट जीपमध्ये पुढच्या काचेपाशी ठेवायची त्यांची सवय. एके दुपारी ते जीप सुरूच ठेवून उतरले आणि पाकीट आणून माझ्यापुढं टाकलं. सांगायला लागले, शेजारी बसलेली बाई सारखी फोटोकडं बघत होती म्हणून मी ते पालथं केलं. तर मागंही तोच! दोन्ही अंगांना तोच!

मामा आतून उठून आले. रज्जाकभाई त्यांना म्हणाले, "मामू, पलटाया तो भी येईच. इस आदमी कू पीठच नै."

या माणसाला पाठच नाही, हे ऐकून मामा हसले. पण त्या दिवसापासून त्यांनी फळीवरची सगळी पाकिटं कडेवर उभी लावायला सुरुवात केली, वाचनालयात पुस्तकं लावतात तशी. कडेवर फोटो नसतो, नुसतं नाव असतं. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना एकेक पाकीट परत कडेवर सरळ करायचं, हे काम मामा कुणालाच देत नाहीत.

मामा स्वतः सिगारेट ओढतात. ओढायचे, म्हणायला हवं. दिवसाला किती हे विचारायची सोय नव्हती. दुकान त्यांचंच.

*

आख्खं पाकीट घेणारे दुसरे म्हणजे जाधव सर. हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालेले. चार वाजता येतात, पाकीट घेतात, खिशातून जुनी कंपासपेटी काढतात आणि गल्ल्यावरच सगळ्या सिगारेटी तिच्यात ओळीनं मांडतात. कोनमापकाच्या जागी काड्यापेटी. पेटी बंद. मग रिकामं पाकीट दोन बोटांनी माझ्याकडं सरकवतात.

"हा तुमच्याकडं राहू द्या."

"हे" नाही. "हा".

मी एकदा धीर करून विचारलं की सर, टाकून का देत नाही? तर ते म्हणाले, पस्तीस वर्षं वर्गात उभा राहिलो. कुणी असं टक लावून बघायला लागलं की मला वाटतं याला काहीतरी विचारायचंय. आणि उत्तर मला येत नसलं तर?

रिकामी पाकिटं मी खालच्या ड्रॉवरमध्ये टाकत गेले. दिवाळीच्या साफसफाईला ड्रॉवर ओढला तर पन्नास-साठ चेहरे एकदम वर आले. सगळे एकाच माणसाचे. आत्या मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "इतके दिस एकाच ड्रॉवरात कोंबून ठिवलेस होय गं त्याला?"

जाळायला काढली तर आत्या नको म्हणाल्या. माणसाचा चेहरा आहे, चुलीत कसा घालायचा. शेवटी ती पाकिटं रद्दीवाल्यानं नेली. त्यानं पोतं उचललं आणि पोत्याचं तोंड नीट बांधून घेतलं. रद्दीचं तोंड तो कधी बांधत नाही.

*

आता खरी गोष्ट तिथून सुरू झाली. लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी. लक्ष्मीपूजनाला दुकानातल्या सगळ्या वस्तूंना हळदीकुंकू लावायचं असतं. काटा, वजनं, गल्ला, तेलाचं माप. हे काम आत्यांचं. चष्मा घरात राहिला होता, लाईट गेलेली होती, पणत्यांच्या उजेडात आत्या हात फिरवत निघाल्या होत्या. मी मागं ताट धरून. जे हाताला लागेल त्याला दोन बोटं. साबणाच्या वड्या, काड्यापेट्या, बिस्किटांचे पुडे.

गल्ल्यावर एक नवं पाकीट मामांनी नुकतंच काढून ठेवलं होतं. त्यालाही दोन बोटं लागली. वर चार अक्षता. आत्या पुढं गेल्या, पण मला दिसलं. हळद आणि कुंकू नेमकं त्या माणसाच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध. वहिनी ओवाळते तेव्हा दिराला लावावं तितकं नीट.

आरती झाली, लाईट आली, आणि सगळ्यांना तो दिसला. आत्यांनी स्वतःच्या बोटांकडं बघितलं.

आता त्याचं करायचं काय? विकायचं तर पूजेला रज्जाकभाईंबरोबर आलेले जाधव सर मागं सरले. म्हणाले, कुंकू लावलेल्या माणसाचं डोकं उघडून मी सिगारेट काढू? टाकायचं तर आत्या आडव्या. पूजा झालेली वस्तू कचऱ्यात जात नाही. रज्जाकभाईंना प्रश्न नव्हता. मला द्या, म्हणाले, मला कुंकवाचं काय! पाकीट हातात घेतलं, उजेडाला धरलं, आणि हळूच परत गल्ल्यावर ठेवलं.

"नक्को मामू. ये मेरेकू पैचानता."

तेव्हापासून ते पाकीट मधल्या फळीवर राहिलं. न उघडलेलं, कडेवर उभं. न विकायचं, न ओढायचं. आत्या त्याला पाव्हणा म्हणायला लागल्या, आणि पुढं गिऱ्हाईकंही.

*

दिवाळीनंतरची गोष्ट. मामा संध्याकाळी दुकान बंद करतात त्याची एक पद्धत आहे. घरात यायचं मधलं दार आधी दुकानाच्या बाजूनं कडी लावून घ्यायचं. मग पाकिटं सरळ करायची. मग बाहेर जाऊन शटर ओढायचं, कुलूप लावायचं, चावी कमरेच्या करदोड्याला बांधायची आणि गल्लीतून फिरून घरात यायचं. सकाळी उलटं. शटर उघडायचं, मधल्या दाराची कडी काढायची आणि बाहेर पाणी शिंपडायला जायचं. तेवढ्यात मी चहा घेऊन दुकानात येते.

एका सकाळी चहा ठेवताना मी वर बघितलं. सगळी पाकिटं कडेवर. पाव्हणा तेवढा समोर तोंड करून उभा.

मला वाटलं, मामांनी ठेवला असेल. मामा पाणी शिंपडून आत आले, त्यांनी फळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि काही न बोलता पाकीट परत कडेवर केलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मामा माझ्याकडं बघायचे, पाकीट फिरवायचे, चहा घ्यायचे. मी पदर सारखा करून आत यायचे. मला वाटायचं, मामा रोज मला काय सुचवतायत? मी दुपारी सिगारेट चोरते असं वाटतं का त्यांना? मी माझी उठबस तपासली. हिशेबाची वही तपासली. एकदा तर आरशात दातसुद्धा तपासले!

महिना गेला. सासरा आणि सून. कोण कुणाला विचारणार?

*

पण त्या महिनाभरात मी मामांकडं जरा जास्तच बघायला लागले. मग दिसायला लागलं.

मामांचा चहा गार होईपर्यंत कपातच असायचा. भाकरी दुधात कुस्करून लागायची. ठेच्याची वाटी त्यांनी एकदा आत्यांच्या ताटाकडं सरकवली आणि मग कायमचीच सरकवली. आणि जीभ. मामा गल्ल्यावर बसले की त्यांची जीभ उजव्या गालात आतून फिरायची. बाहेरून दिसायचं, गालाखाली फुटाणा फिरावा तसं. बोलताना थांबायची. बोलणं संपलं की परत तिथंच.

मी दिवसाचे तीन तास त्या फोटोसमोर बसणारी बाई. मला दुसरं काय सुचणार?

यांना सांगितलं. हे म्हणाले, तू पाकिटं फार बघतेस. तोंड आलं असेल, बी-कॉम्प्लेक्स देऊ. आत्यांना सांगितलं. आत्या म्हणाल्या, मी बोलले तर भांडण होईल, तू बोल. मी! लग्न झाल्यापासून मामांशी माझं एकूण बोलणं ‘चहा ठेवलाय’ आणि ‘साखर संपत आलीय’ एवढंच होतं.

गयाबाई यायच्या त्या याच दिवसांत. वस्तीवर राहतात, कापूस वेचायला जातात. दर गुरुवारी बाजाराला आल्या की तेल घ्यायच्या आणि मला हळूच म्हणायच्या, पाव्हणा जरा बघू द्या. मी पाकीट काढून हातात द्यायची. त्या पदरानं हात पुसून घ्यायच्या, थोडा वेळ बघायच्या, परत द्यायच्या. त्यांचे मालक दोन वर्षांमागं तोंडाच्याच आजारानं गेले होते. घरात फोटो एकही नव्हता.

मी विचारलं, असेच दिसायचे का?

"न्हाई वो. त्यो काळा व्हता, नाक बी येगळं. पन शेवटाला बोलता येईना ना, तवा असंच बगायचा. काई तरी सांगायचं ऱ्हायल्यावानी."

तेवढ्यात मामा आतून आले आणि खुर्चीवर बसले. गयाबाईंनी पाकीट माझ्या हातात दिलं. त्या मामांकडं बघत होत्या. तेलाची बाटली पिशवीत घालत त्या माझ्या कानाशी आल्या.

"तुमच्या सासऱ्याची जीब कुटं जातीया बगा. आमच्या मालकाची बी तितंच जायाची."

*

संक्रांतीला आत्यांनी तिळाचे लाडू वळले. जरा मोठेच झाले होते, पण लिंबाहून लहान. मामांनी देवापुढचा एक उचलला, तोंडापाशी नेला आणि थांबले. मग खाली घेतला. अंगठ्यानं दाबून त्याचे चार तुकडे केले. एकेक तुकडा पोस्टाच्या पेटीत पत्र टाकावं तसा फटीतून आत सरकवला. आम्ही सगळे तिळगूळ घ्या, गोड बोला करत होतो. कुणीच बोललं नाही.

दुसऱ्या सकाळी मी चहा घेऊन गेले. पाव्हणा समोर तोंड करून. कपाळावरचं कुंकू अडीच महिन्यांत जरासुद्धा उडालेलं नव्हतं. मामा पाणी शिंपडून आत आले. पण या वेळी त्यांनी पाकीट फिरवलं नाही. खुर्चीवर बसले आणि जमिनीकडं बघत म्हणाले,

"सूनबाई, तुमी रोज त्याला पुढं कावून करता? काई म्हनायचं तर तोंडानं म्हना."

मी म्हणाले, मामा, मी नाही करत. मला वाटलं, तुम्हीच करता.

मामांनी वर बघितलं. आधी माझ्याकडं, मग करदोड्याच्या चावीकडं, मग फळीकडं. बाहेर परळीकडं जाणारी गाडी शिट्टी देऊन गेली. दुकानातल्या बरण्या थोडा वेळ थरथरल्या आणि थांबल्या. पाकीट हललं नाही. म्हणजे गाडीच्या धक्क्यानं फिरतं म्हणावं तर तेही नाही.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी म्हणाले, "मामा, अंबाजोगाईला दाखवून येऊ. आजच."

चहा-साखर सोडून मामांशी मी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यांनी जीभ गालातून काढली. म्हणाले, चहा तेवढा घिऊ द्या. आणि तो गार होईपर्यंत आम्ही दोघं तिथंच, फळीकडं पाठ करून बसलो.

*

रज्जाकभाईंनी जीपमध्ये त्या दिवशी दुसऱ्या प्रवाशाचं शीट घेतलं नाही. वाटेत सिगारेटही पेटवली नाही. मामा म्हणाले, पेटव बे, मी काय मेलोय का? तर रज्जाकभाई म्हणाले, पाकीट घरी राहिलं. ते त्यांच्या खिशात होतं. मला चौकोन दिसत होता.

दवाखान्यात रांग होती. डॉक्टर म्हणजे माझ्याच वयाची मुलगी. तिनं मामांना सांगितलं, काका, तीन बोटं उभी धरा आणि तोंडात घाला, तोंड किती उघडतं बघू. मामांना वाटलं, हा काय पोरखेळ. त्यांनी घालून बघितली. दीड गेली. त्यांनी बाहेर काढलेल्या बोटांकडं असं बघितलं की जणू बोटंच वाढलीत.

मग तिनं बॅटरीनं आतून गाल बघितला आणि रेकॉर्डसाठी एक फोटो लागेल म्हणाली. तिनं मोबाईल वर केला मात्र, मामांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"फोटू न्हाई काडायचा. तुमी पाकिटावर टाकता."

मागची रांग हसली. डॉक्टरही हसली. मामा हसत नव्हते. मग रांगेतलं हसणं एकेक करून बंद पडलं, कारण रांगेत बहुतेक सगळ्यांनी तोंडाला रुमाल बांधले होते. तिनं मोबाईल खाली ठेवला, म्हणाली, काका, शब्द देते, हा फोटो या फाईलबाहेर जाणार नाही. मामांनी तिला आईची शपथ घ्यायला लावली. तिनं घेतली!

तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मामा गल्ल्यावर बसले, पण सिगारेट विकायला उठले नाहीत. गिऱ्हाईकाला म्हणायचे, सूनबाईकडनं घ्या. नवव्या दिवशी रिपोर्ट आला. तो आजार अजून नव्हता. पण दारात उभा होता, असं डॉक्टर म्हणाली. आजपासून तंबाखू बंद, औषध, रोज तोंड उघडायचा व्यायाम, दर महिन्याला दाखवायला यायचं. अजून सहा महिने थांबला असतात तर मी काही सांगू शकले नसते, म्हणाली.

मामांनी जीपमध्ये बसताना खिशातलं पाकीट काढून रज्जाकभाईंच्या हातात दिलं. रज्जाकभाईंनी ते घेतलं नाही. मग दोघांनी मिळून ते रस्त्याकडंच्या नाल्यात टाकलं, आणि दोघंही थोडा वेळ बघत राहिले, ते कोणत्या बाजूवर तरंगतंय.

*

त्यानंतर पाव्हणा फिरला नाही.

रोज सकाळी मी चहा घेऊन आधी फळीकडं बघायची. कडेवर. दुसऱ्या दिवशी कडेवर. गुढीपाडव्यालाही कडेवर. मामा गल्ल्यावर बसून आरशात बघत तोंडाचा व्यायाम करायचे. दीडची दोन बोटं झाली, मग अडीच. गिऱ्हाईकांना ते बोटं घालून दाखवायचे. जाधव सरांनी अपूर्णांकात प्रगती नोंदवून ठेवली.

मध्यंतरी नवा माल आला. पाकिटांवरचा फोटो बदललेला होता, दुसराच माणूस. जाधव सरांनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट केलं आणि कंपासपेटी खिशातच ठेवली. आता हिची गरज नाही, म्हणाले. "हा आपल्या ओळखीचा नाही. हा बघतो, पण आपल्याकडं नाही." त्यांची सिगारेट दोननं वाढली. सरकारला हे कुणी कळवायला हवं.

आत्या म्हणाल्या, पाव्हण्याचं काम झालं, आता त्याला निर्माल्याबरोबर पाण्यात सोडू. मामा नको म्हणाले. राहू दे, म्हणाले. एवढ्या दिवसांत तो एकदा तरी खाली बसला का?

*

गेल्या रविवारची गोष्ट सांगते आणि थांबते.

यांना सुट्टी होती. गाडीच्या चाकात हवा भरायची होती आणि पंप दुकानात, म्हणून हे सकाळीच मामांबरोबर बाहेर आले. मीही चहाचा ट्रे घेऊन गल्लीतूनच आले, मधलं दार उघडायची वाट न बघता. आम्ही तिघं शटरसमोर उभे. मामांनी करदोड्याची चावी काढली, कुलूप उघडलं, शटर वर ढकललं.

मधल्या फळीवर पाव्हणा समोर तोंड करून उभा होता.

उन्हाची तिरीप सरळ त्याच्यावर. कपाळावरचं कुंकू ओलं असावं असं चमकत होतं. सहा महिन्यांनी!

मामांच्या हातातून कुलूप पडलं. त्यांनी आधी स्वतःच्या गालाला हात लावला. मग तिथंच पायरीवर उभं राहून तीन बोटं तोंडात घातली. तिन्ही गेली. त्यांनी बोटं बाहेर काढली, धोतराला पुसली आणि म्हणाले, "माजं तर काईच न्हाई आता."

हे म्हणाले, उंदरानं हलवलं असेल. आणि पंप घ्यायला आत गेले. पंप घेऊन आले, गाडीशी बसले, चहाचा कप शेजारी फरशीवर ठेवला. मामा पायरीवर बसले. मी ट्रे धरून उभी. हवा भरायचा आवाज येत होता, फुस, फुस. मग तो थांबला. चाक भरलं होतं. हे तसेच बसून राहिले, रस्त्याकडं बघत.

मी यांच्या कपाकडं बघितलं. चहा जशाचा तसा. वर साय धरलेली.

मामा यांच्या कपाकडं बघत नव्हते. ते यांच्या उजव्या गालाकडं बघत होते. गालाखाली फुटाणा फिरावा तसं काहीतरी हळूहळू फिरत होतं.

मामा उठले. मुलासमोर जाऊन उभे राहिले आणि आपली तीन बोटं उभी करून त्याच्यापुढं धरली.

"घालून दाखव."

हे हसले. ओठ मिटूनच हसले. मग हात वर नेला, आणि तोंडापाशी नेऊन थांबवला.